साहित्यसंज्ञांची वाटचाल आणि आपले बडोदे

दोन-तीन वर्षांपूर्वी मराठीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. प्रश्न हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कृतीविषयी होता. एका विद्यार्थिनीने उत्तर मनापासून लिहिले होते. यमूचे दुःख तिला कळले होते, आणि ते कसे कळले हेही तिला सांगता येत होते. मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिने त्या पुस्तकाला ‘नवलकथा’ म्हटले होते. घरी मराठी आणि शाळेत गुजराती अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलांच्या लेखनात असे शब्द येतातच. सवयीने मी लाल शाईने रेघ मारली आणि वर ‘कादंबरी’ असा शब्द लिहिला. लिहिला खरा, पण लिहिताना हात थोडा अडखळला. ‘कादंबरी’ हा शब्द तरी आपल्याकडे कोठून आला?

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा त्या अडखळण्याचीच आठवण झाली. कथा, कादंबरी, सुनीत, यमक, प्रतिभा, रस हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की ते जणू मराठी भाषेबरोबरच जन्मले असावेत असे वाटते. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्दाला एक जन्मकथा आहे. कोणाला तरी, कधी तरी, एका गरजेपोटी तो उचलावा किंवा घडवावा लागला. आणि आपल्या बडोदेकरांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या घडामोडींपैकी काही अत्यंत मोलाच्या गोष्टी याच शहरात घडल्या.

प्रथम कादंबरीचेच पाहू. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने जी गद्यकथा रचली, तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. बाणाच्या हातून ती पुरी झाली नाही, त्याच्या मुलाने पुरी केली. म्हणजे मुळात हे विशेषनाम. संस्कृत साहित्यशास्त्राजवळ गद्यप्रबंधासाठी सामान्यनामे नव्हती असे नाही. ‘कथा’ आणि ‘आख्यायिका’ असे दोन प्रकार शास्त्रकारांनी सांगितलेले आहेत. कवीने कल्पिलेली ती कथा आणि घडलेल्या वृत्तावर आधारलेली ती आख्यायिका, असा त्यांतील ढोबळ भेद. त्या हिशेबाने बाणाची ‘कादंबरी’ ही कथा आणि त्याचेच ‘हर्षचरित’ ही आख्यायिका. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, आणि या नव्या प्रकाराला नाव देण्याची वेळ आली तेव्हा मराठीने शास्त्रातील जातिवाचक शब्द न घेता एका नायिकेचे नाव घेतले. यात शास्त्रशुद्धता नाही, पण एक प्रकारची रसिकता आहे. दक्षिणेकडे कन्नडनेही हाच शब्द स्वीकारला. बंगाली आणि हिंदी ‘उपन्यास’कडे गेल्या. गुजरातीने इंग्रजी ‘नॉव्हेल’चा नादही राहील आणि नवलाईचा अर्थही येईल असा ‘नवलकथा’ हा शब्द योजला. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने वापरलेला शब्द काही अडाणीपणाचा नव्हता. तो शेजारच्या घरातला, तितकाच विचारपूर्वक केलेला शब्द होता. रेघ मी पुसली नाही, परंतु तिचे गुणही कापले नाहीत.

लहान प्रकाराची कथा मात्र बराच काळ निनावीच राहिली. हरिभाऊंनी आपल्या छोट्या कथांना ‘स्फुट गोष्टी’ एवढेच म्हटले. १९२३ साली दिवाकर कृष्णांचा संग्रह आला, त्याचे नावही ‘समाधि आणि इतर सहा गोष्टी’. ‘लघुकथा’ हा शब्द पुढे रूढ झाला, आणि ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून कथेच्या ‘तंत्रा’ची चर्चा घरोघरी पोचविली. आज हिंदीत ‘लघुकथा’ म्हणजे अर्ध्या-एक पानाची अगदी छोटी कथा. तेथे आपल्या लघुकथेला ‘कहानी’ म्हणतात. ग्वाल्हेर-इंदूरकडील आपल्या मंडळींना हा घोटाळा रोजचाच असेल.

जुन्या मराठीकडे पाहिले तर संज्ञा केवळ संस्कृतातून वा इंग्रजीतून आल्या, हा समजही टिकत नाही. महानुभाव पंथातील केसोबासाने सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’ची मांडणी पाहावी. आधी ‘सूत्र’ म्हणजे चक्रधरांचे वचन, मग ‘दृष्टांत’ म्हणजे ते पटविणारी त्यांचीच छोटी गोष्ट, आणि शेवटी ‘दार्ष्टांतिक’ म्हणजे गोष्टीचा सूत्राशी मेळ घालणारा केसोबासाचा खुलासा. हत्ती आणि जन्मांध यांची सर्वपरिचित गोष्ट त्यातच आहे. तेराव्या शतकात मराठी गद्य आपल्या कथनाचे घटक नावे देऊन वेगळे करीत होते. आजचा समीक्षक ‘कथेतील आशयसूत्र’ म्हणतो तेव्हा त्याला हा पूर्वज आठवत नाही.

काही शब्द तेच राहिले आणि त्यांच्या आतला अर्थ पालटला. ‘यमक’ हे याचे उत्तम उदाहरण. संस्कृतात यमक म्हणजे अक्षरांचा एक समूह त्याच क्रमाने, परंतु वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. तो चरणात कोठेही येऊ शकतो. मराठीत मात्र ‘यमक’ म्हणजे चरणाच्या शेवटी जुळणारा उच्चार, गुजराती ज्याला ‘प्रास’ म्हणतात तो. पंडित कवींपर्यंत दोन्ही अर्थ नांदत होते. वामनपंडिताला ‘यमक्या वामन’ हे बिरुद मिळाले ते नुसत्या शेवटच्या जुळणीसाठी नव्हे. मोरोपंतांनी तर शब्दांच्या कसरतीला सीमाच ठेवली नाही. त्यांच्या रामायणांमध्ये एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. ओठ मिटवून उच्चारायचे प, फ, ब, भ, म हे वर्ण त्यात वर्ज्य. रामाची कथा आणि ‘राम’ या शब्दातील ‘म’ म्हणायचा नाही! मला स्वतःला या चातुर्यात काव्य कमीच वाटते. पण वर्ग कंटाळला की मी हे उदाहरण सांगतो, आणि ओठ न मिटता बोलून पाहण्यात मुलांची पाच मिनिटे मजेत जातात.

शाळेच्या व्याकरणात आपण सर्वजण ‘चेतनगुणोक्ती’ शिकलो आहोत. निर्जीव वस्तूला सजीवाप्रमाणे वागताना दाखविले की चेतनगुणोक्ती. हा अलंकार मम्मटात किंवा विश्वनाथात शोधू गेल्यास सापडणार नाही. संस्कृत शास्त्रकारांनी अशी स्थळे बहुधा ‘समासोक्ती’त घातली असती. ‘चेतनगुणोक्ती’ हा इंग्रजीतील ‘पर्सोनिफिकेशन’साठी मराठीने घडविलेला शब्द आहे, आणि तो इतका बेमालूम घडला आहे की उपमा-उत्प्रेक्षांच्या पंक्तीत बसून तो हजार वर्षांचा वाटतो. संज्ञा घडविणाऱ्याला याहून मोठी पावती कोणती?

सॉनेटला मात्र असे नाव मिळायला दोन पिढ्या लागल्या. केशवसुतांनी १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून चौदा ओळींचा हा इटालियन-इंग्रजी प्रकार मराठीत आणला. शिक्षणासाठी काही काळ ते बडोद्यात राहून गेले होते, हे जाता जाता नमूद करतो. त्यांनी या प्रकाराला ‘चतुर्दशक’ म्हटले. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी त्यापूर्वीच ‘चतुर्दशपदी’ हा शब्द वापरला होता. दोन्ही नावे ओळी मोजणारी, हिशेबाच्या वहीतली. पुढे ‘सुनीत’ हे नाव रूढ झाले, आणि १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी तो प्रकार लोकप्रिय केला. ‘सुनीत’मध्ये सॉनेटचा ध्वनी आहे आणि ‘नीट नेलेले’ हा संस्कृत अर्थही आहे. कितीतरी मराठी सुनीते शार्दूलविक्रीडित वृत्तात आहेत. इटलीचा घाट, संस्कृतचे एकोणीस अक्षरी वृत्त आणि मराठी कवीचे मन अशी ती त्रिवेणी आहे. गुजरातीने मात्र ‘सॉनेट’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला.

रविकिरण मंडळाचा उल्लेख झाला म्हणजे माधव जूलियन आलेच. माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्याचा. आपण बडोदेकर त्यांना कवी म्हणून आठवतो, परंतु त्यांचे चिरस्थायी कार्य ‘छंदोरचना’ हे आहे असे माझे मत आहे. त्यांच्यापूर्वी मराठी विद्यार्थ्याच्या हाती परशुरामपंत गोडबोल्यांचे ‘वृत्तदर्पण’ असे. त्यात गण पाडायचे, भुजंगप्रयात म्हणजे चार ‘य’गण हे पाठ करायचे, आणि शास्त्र तेथे संपायचे. पण आपल्या आजीची ओवी कोणत्या गणात बसते? तुकोबांचा अभंग? लावणी? या प्रश्नांना वृत्तदर्पणाच्या परंपरेत धड उत्तर नव्हते.

माधवरावांनी मराठी पद्याचे तीन वर्ग केले. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल ते ‘वृत्त’. मात्रांची संख्या व आवर्तने ठरलेली असतील ती ‘जाति’. केवळ अक्षरसंख्या ठरलेली असेल तो ‘छंद’, आणि या तिसऱ्या वर्गात ओवी-अभंग आले. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांचा मोठा अभंग मंदाक्रांतेच्या शेजारी सन्मानाने बसला. जातींच्या आवर्तनांनाही त्यांनी नावे दिली. आठ मात्रांचे ते पद्मावर्तन आणि सहा मात्रांचे ते भृंगावर्तन. कमळाला आठ पाकळ्या आणि भुंग्याला सहा पाय असतात हे ध्यानात घेतले की नाव विसरता येत नाही. पहिली आवृत्ती १९२७ची आणि पूर्ण संस्कारित आवृत्ती १९३७ची. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठीसाठी दिली गेलेली ही पहिली डी. लिट्. होय.

या माणसाची एक विसंगती मला नेहमी विचारात पाडते. हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा ‘फारसी-मराठी शब्दकोश’ निघाला. गझलेची वृत्ते मराठीत त्यांनी आणली. ‘गज्जलांजलि’ हा संग्रह १९३३चा. आणि हेच माधवराव उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. मराठीतील फारसी-अरबी शब्दांऐवजी संस्कृत शब्द योजावेत असा त्यांचा आग्रह. ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. ज्याने आयुष्यभर दोन भाषांमधील पूल बांधला, त्यानेच शेवटी पुलावर जकातनाका बसवावा याचे वाईट वाटते. पण काळाने वेगळाच निवाडा दिला. पुढे सुरेश भटांनी मराठी गझलेचे नियम समजावून सांगताना ‘काफिया’ला ‘यमक’ आणि ‘रदीफ’ला ‘अंत्ययमक’ म्हटले. आज मराठी गझलकारांच्या बैठकीत दोन्ही जोड्या एकाच दमात वापरल्या जातात, आणि कोणालाही अशुद्ध झाल्यासारखे वाटत नाही.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. १९२१ साली बडोद्यात साहित्य संमेलन भरले. १९०९ नंतरचे येथील ते दुसरे. (त्यानंतर १९३४ साली आणि मग एकदम २०१८ साली येथे संमेलन झाले.) अध्यक्ष होते ‘केसरी’चे नरसिंह चिंतामण केळकर. अध्यक्षीय भाषणात त्यांनी विचारले की वाङ्मय वाचून आनंद का होतो? आणि दुःखाची कथा वाचूनही आनंद का होतो? त्यांचे उत्तर ‘सविकल्प समाधी’ या दोन शब्दांत आहे. वेदान्तात समाधी दोन प्रकारची. निर्विकल्प समाधीत ज्ञाता आणि ज्ञेय हा भेदच उरत नाही, सविकल्प समाधीत तो उरतो. केळकरांचे म्हणणे असे की वाचक कल्पनेने दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही. एकाच वेळी तो स्वतःही असतो आणि दुसराही असतो. आपल्या एकट्या आयुष्याची मर्यादा ओलांडण्याचा हा आनंद आहे. राजकारणात मुरलेल्या एका संपादकाने अध्यात्माच्या कपाटातला शब्द काढून वाचकाच्या हाती दिला. मराठीतील रसचर्चेला त्यामुळे नवे वळण लागले, आणि पुढील समीक्षकांना या संज्ञेची दखल घेतल्यावाचून पुढे जाता आले नाही.

याच काळात, याच शहरात, दुसरे एक काम गाजावाजा न होता चालू होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ प्रसिद्ध झाली होती. संपादक चिमणलाल दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री. त्याच मालेत १९२६ साली भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ टीकेसह निघाला. संपादक रामकृष्ण कवी. हस्तलिखिते अत्यंत अशुद्ध होती; पूर्ण ग्रंथ चार खंडांत बाहेर पडायला १९६४ साल उजाडले. हजार वर्षांपूर्वीच्या या काश्मिरी आचार्याचे रसविवेचन तोवर मम्मटादिकांच्या सारांशातून माहीत होते. नाट्यशास्त्रावरील त्याचा मूळ विस्तार अभ्यासकांना छापील रूपात मिळाला तो बडोद्याहून.

आणि त्या विस्तारात केळकरांचाच प्रश्न आहे. उत्तर मात्र निराळे आहे. रंगभूमीवरील शोक हा माझा नव्हे, माझ्या मित्राचा नव्हे, शत्रूचा नव्हे, तिऱ्हाइताचाही नव्हे. व्यक्ती, स्थळ, काळ यांची बंधने गळून तो शोक सर्वसामान्य होतो, हेच ‘साधारणीकरण’. आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणे. केळकरांचा वाचक आपले ‘मी’पण जपून ठेवतो आणि त्यावर आणखी एक ‘मी’ मिळवितो. अभिनवगुप्ताचा प्रेक्षक ‘माझे’ आणि ‘त्याचे’ दोन्ही दाराबाहेर ठेवून आत येतो. एकाच गावातून पाच वर्षांच्या अंतराने निघालेली ही दोन उत्तरे एकमेकांसमोर ठेवून वाचावीत असे मला नेहमी वाटत आले आहे.

कोणते खरे? माझा कौल असा की नाटकाला अभिनवगुप्त अधिक लागू पडतो आणि कादंबरीला केळकर. सभागृहात शेकडो माणसे एकत्र बसलेली असतात, दिवे मंद होतात, आणि आपण एकटे उरत नाही. परंतु यमूची हकीकत आपण घरात, आरामखुर्चीत, एकट्याने वाचतो. तिचे केशवपन होते तेव्हा घशाशी आवंढा येतो, आणि त्याच क्षणी आपण आजच्या काळात, सुरक्षित घरात बसलो आहोत याची लाजिरवाणी जाणीवही असते. ही दुहेरी जाणीव हरिभाऊंना हवीच होती. ती नसती तर त्या कादंबरीने कोणाचे मन पालटले नसते. दोन्ही संज्ञा हाताशी असल्या म्हणजे हा फरक बोलून दाखविता येतो. एकही नसेल तर ‘फार आवडले’, ‘मन हेलावून गेले’ यापलीकडे जाता येत नाही. परीक्षेत तेच वाचावे लागते.

१९३० साली रा. श्री. जोगांचे ‘अभिनव काव्यप्रकाश’ आणि त्यापाठोपाठ १९३१ साली द. के. केळकरांचे ‘काव्यालोचन’ आले, १९४२ साली के. ना. वाटव्यांचे ‘रसविमर्श’ आले, आणि रसाचा विषय महाविद्यालयांत स्थिर झाला. पुढे मर्ढेकरांनी हा सारा पसाराच दूर सारून ‘लय’, ‘संवाद’, ‘विरोध’, ‘समतोल’ अशी स्वतःची परिभाषा मांडली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

‘काव्यमीमांसे’कडे मात्र परत यायलाच हवे, कारण तिच्यात ग्रंथालयाच्या सभासदांसाठी एक शब्द आहे. राजशेखर हा कनौजच्या दरबारातील कवी. आपल्या पणजोबांचा उल्लेख तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो. प्रतिभेचे त्याने दोन प्रकार सांगितले. कवीची ती ‘कारयित्री’ आणि वाचकाची ती ‘भावयित्री’. वाचकालाही प्रतिभा असते, किंबहुना असावीच लागते, हे त्याने संज्ञा देऊन सांगितले. अशा वाचकाला तो ‘भावक’ म्हणतो आणि त्याचे चार प्रकार करतो. अरोचकी म्हणजे ज्याला सहसा काही रुचतच नाही असा. सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट सारे गिळणारा. मत्सरी म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहवत नाही असा. आणि तत्त्वाभिनिवेशी म्हणजे मर्माला जाऊन भिडणारा, हजारांत एखादा. ग्रंथालयाच्या देवघेव-खिडकीशी तासभर उभे राहिले तर पहिले दोन प्रकार तरी भेटतातच. तिसऱ्यासाठी साहित्यिकांच्या बैठकीला जावे.

चौथ्या प्रकारातील एक गृहस्थ मी पाहिले होते. महाविद्यालयात शिकत असताना मी येथे वाचनकक्षात येऊन बसत असे, तेव्हा एक निवृत्त काका रोज सायंकाळी येत. मंदाक्रांतेत मी अडलो आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी काही समजावून सांगितले नाही. लघूला एक आणि गुरूला दोन अशा टिचक्या त्यांनी मेजावर हलक्या हाताने वाजविल्या. पहिल्या चार गुरूंना हात संथ चालला, मधल्या पाच लघूंना भरभर धावला, आणि पुन्हा सावकाश झाला. वृत्ताला ‘मंदाक्रांता’ का म्हणतात ते मला तेथे कळले. “शांतता राखा” या पाटीकडे बोट दाखवून ग्रंथपालांनी आम्हा दोघांनाही दटावले, हे ओघाने आलेच.

हा लेख लिहिण्यासाठी ‘छंदोरचना’ची ग्रंथालयाची प्रत मागितली, तेव्हा ती कपाटाच्या वरच्या खणातून शिडी लावून काढावी लागली. आतल्या चिठ्ठीवर अलीकडचा एकही शिक्का नव्हता. पाने पिवळी झाली आहेत, शिवण मात्र शाबूत आहे. एका पानाच्या समासात कोणी तरी शिसपेन्सिलीने स्वतःच्या चार ओळींचे लघु-गुरू मांडून पाहिले आहेत. अक्षर काकांचे नव्हे, कोवळे आहे. बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचे. तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडली होती. ती त्याने खोडली आणि शेजारी दुसरा शब्द लिहिला. त्या शब्दाने मात्रा पुरी होते.